विरजणाला ‘लागण’ झाली म्हणावं का?

माळशिरस तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. दुग्धतंत्राच्या टिपणात तिने ‘विरजणातल्या जिवाणूंना विषाणूची लागण होते’ असं लिहिलं. घरचे म्हणाले, लागण उसाची असते, ‘संसर्ग’ लिही. शिवाय जिवाणूंना ‘रोगप्रतिकारशक्ती’ असते असं म्हणता येईल का?

‘लागण’च ठेव. आपल्या सोलापूर जिल्ह्यात लागण-खोडवा (नवी लावण आणि तोडणीनंतर पुन्हा फुटणारं पीक) ही जोडी उसाची, हे खरं. पण ‘लागणे’ दुधातही किती फिरतं बघ: बुडाला करपलं की दूध लागलं, घट्ट झालं की दही लागलं. कीड लागते, रोगही लागतो. सगळीकडे चिकटणं, धरणं आहेच. हा विषाणूही आधी जिवाणूच्या अंगाला चिकटतो, मग आपला डीएनए आत सोडतो. जिवाणू त्याच्याच प्रती काढत राहतो आणि शेवटी फुटतो. ‘संसर्ग’ चूक नाही, पण हे धरून बसणं त्यात दिसत नाही.

अशा विषाणूंसाठी वापरला जाणारा ‘जिवाणूभक्षक’ हा शब्द मात्र मला पटत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स द’एरेल यांनी १९१७ साली ‘खाणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिलं, त्याचं ते शब्दशः भाषांतर. विषाणू काही खात नाही. सरळ ‘फाज’ लिही.

आता प्रतिकाराचं. काही जिवाणू विषाणू जिथे चिकटतो ती जागाच बदलतात. काही आत आलेला परका डीएनए कापतात. काही लागण होताच स्वतः मरतात, म्हणजे शेजारचे वाचतात. या सगळ्याला ‘प्रतिकार’ पुरे. पण दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसकडे याहून वेगळं काही आहे. रोडॉल्फ बारांगू, फिलिप ऑर्व्हाथ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की हल्ल्यातून वाचलेले जिवाणू विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या डीएनएत, क्रिस्पर नावाच्या पट्ट्यात, बसवून घेतात. त्या पट्ट्यात एकच क्रम पुन्हापुन्हा येतो आणि दोन क्रमांच्या मधे असा एकेक तुकडा असतो. तोच विषाणू पुन्हा आला, की तुकड्याशी जुळवून त्याचा डीएनए कापला जातो. हा पट्टा पुढच्या पिढ्यांनाही मिळतो.

याला ‘शक्ती’ म्हटलं की नेमकी गंमत हरवते. आपल्याकडे तयार शब्द आहे: खूणगाठ. ‘वाचलेले जिवाणू विषाणूची खूणगाठ बांधतात’ असं लिही. ओळखीची खूणही आली आणि ती पक्की ठेवणंही आलं. विषाणूच्या डीएनएतला तेवढाच तुकडा बदलला तर मात्र खूण पटत नाही आणि लागण पुन्हा होते. म्हणून मोठ्या डेअरीत एकच विरजण रोज न वापरता आलटून-पालटून वापरतात. या वाक्यातही ‘स्टार्टर कल्चर’ लिहू नकोस, विरजणच लिही.