मुलुंडला महापालिकेसाठी एकच मत, मग ठाण्यात चार का?

कारण मुंबईचा कायदा वेगळा. तिथे २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक. ठाण्यात २०१७ साली १३१ नगरसेवक होते, पण प्रभाग ३३ च. बहुतेक प्रभागांत चार जागा: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेसाठी एक मत. चारही मतं एकालाच देता येत नाहीत, 'नोटा' मात्र प्रत्येक जागेला वेगळा असतो.

यामागे तत्त्व वगैरे शोधू नका. फडणवीस सरकारने एका प्रभागात चार जागांचं हे पॅनेल आणलं, २०१९ च्या डिसेंबरात महाविकास आघाडी सरकारने ते मोडून एक सदस्य, एक प्रभाग केलं. दोन वर्षांत त्याच आघाडीने तीनचं पॅनेल आणलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि गाडी परत चारवर. गंमत म्हणजे आघाडीच्या काळात नगरविकास खातं ठाण्याच्याच एकनाथ शिंदेंकडे होतं आणि चारवर परतताना मुख्यमंत्रीही तेच!

पॅनेलवाले म्हणतात, मोठा प्रभाग असला की नगरसेवक गल्लीपुरता विचार करत नाही. विरोधक म्हणतात, एवढ्या मोठ्या भागात अपक्षाने फिरायचं कसं? मला दुसरं जास्त पटतं. लोक एक ओळखीचं नाव बघतात आणि उरलेली तीन बटणं त्याच चिन्हावर दाबतात.

आमच्या वर्तकनगरकडे तुंबलेल्या गटारासाठी चौघांना फोन केले. तिघांनी चौथ्याचा नंबर दिला.