लॅपटॉप आधी कपाटातून बाहेर काढा

(पत्र थोडक्यात: देवगडचे एक आंबा बागायतदार. मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, 58 टक्के. पंधरा दिवस एका बटणावर अडकलाय म्हणून वडिलांनी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलंय. आता त्याला पुण्याला एमपीएससीच्या क्लासला घालू का, असं विचारतायत.)

नमस्कार काका,

58 टक्क्यांचं मला काही वाटलं नाय, कुलुपाचं वाटलं. अख्ख्या पत्रात मार्कांवर दोन ओळी, चुलतभावाच्या मुलाच्या पॅकेजवर पानभर, आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की "आपल्याच पेट्यांच्या ऑर्डरीचं कायतरी करतोय म्हणतो". अहो, हे शेवटी काय लिहिता! कॉलेजनं सांगितलेलं नसताना पोरगा घरच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर करायला बसलाय आणि तुम्ही त्याचं हत्यारच काढून घेतलंत. ऐन एप्रिलात गड्याच्या हातातला आंबे उतरवायचा झेला काढून घ्याल का?

एमपीएससीचं म्हणाल तर राज्यसेवेला पदवी लागते, नुसत्या डिप्लोमावर जमत नाही, तेव्हा आत्ता फी भरू नका. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, ते वेळ आली की बघू.

आता तुमची खरी तक्रार. "प्रोग्राम चालू केला की नुसती खिडकी उघडून बसते, विचारलं तर म्हणतो वाट बघतोय." काका, पोरगा खरं बोलला. आपल्याला वाटतं प्रोग्राम म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धावणार आणि उत्तर देऊन संपणार. बटणांवाला प्रोग्राम तसा नसतो, तो सीझनमध्ये पॅकिंगच्या शेडमध्ये तुम्ही बसता ना तसा बसतो. वाशीहून फोन आला की फोन, टेम्पो आला की टेम्पो, गडी विचारायला आला की त्याचं, आणि आधी काय येणार ते सकाळी तुम्हालाही माहीत नसतं. त्या येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला इव्हेंट म्हणतात, आणि अमुक झालं की काय करायचं तेवढं आपण लिहून ठेवायचं, बोलवायचं काम फ्रेमवर्कचं, म्हणजे खिडक्या-बटणांचा जो तयार सांगाडा आपण वापरतो त्याचं. भल्याभल्यांना हे उलटं वाटतं, कारण कॉलेजात पहिलं वर्ष सरळ धावणारेच प्रोग्राम शिकवतात.

पत्राखाली पोरानं घाईघाईत खरडलंय की पायथन भाषेच्या टीकिंटरमध्ये (असलाच एक सांगाडा) खिडकी उघडायच्या आधीच "सेव्ह झालं" येतं आणि मग बटण मेलेलं. बाळा, बटणाच्या कमांडमध्ये फंक्शनच्या नावापुढे तू कंस लावला असणार. कंस लावलास म्हणजे तूच ते तिथल्या तिथे चालवलंस, बटणाच्या हातात काहीच आलं नाही. नुसतं नाव दे, कंस काढ. आणि शेवटी मेनलूप लिहायला विसरू नकोस, वाट बघायचं काम तोच करतो. पुढे क्यूटी हा दुसरा सांगाडा शिकलास तर तिथे याला सिग्नल आणि स्लॉट म्हणतात, 1995 पासून तेच चाललंय, घाबरायचं कारण नाही. अजून एक, अख्ख्या सीझनची एक्सेल बनवण्यासारखं लांबलचक काम बटणाच्या फंक्शनमध्येच टाकलंस तर खिडकी गोठणार, कारण बाबा एकाच पार्टीशी अर्धा तास फोनवर बोलत बसले की बाकीचे उभेच राहतात. ते काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे बाजूला काम करणाऱ्या दुसऱ्या गड्याला दे, पण खिडकीतल्या गोष्टींना त्या थ्रेडमधून हात लावू नकोस, उत्तर क्यूमध्ये, म्हणजे रांगेत टाक आणि टीकिंटरचं आफ्टर वापरून थोड्या थोड्या वेळानं ती रांग बघत जा.

काका, किल्ली आजच द्या. आणि रात्री जेवणं झाली की त्याच्याजवळ बसून सीझनमध्ये काय काय होतं ते सांगा: पेटी परत येते, डझनाचा दर मध्येच बदलतो, पार्टी अर्धेच पैसे देते, कोण ऑर्डर घेऊन गायबच होतो. त्या गायब होणाऱ्या पार्टीचं बटण त्याला अजून सुचलेलं नसणार बघा.