मॅडम, न आलेल्या दिवसाचे पण पैसे?

मी थेरपिस्ट आहे, पण पहिल्या फोनवर लोक नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, झोपेबद्दल फार कमी बोलतात. पत्ता विचारतात, फी विचारतात, पार्किंग आहे का विचारतात आणि मग जरा आवाज खाली आणून, "आणि समजा एखाद्या आठवड्यात नाही जमलं तर? त्याचे पण घेता का?" हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की आता समोरच्याने नुसतं "समजा" म्हटलं तरी पुढचं वाक्य मला कळतं. हो, घेते. चोवीस तास आधी कळवलं तर एक रुपया नाही, त्यानंतर कळवलं किंवा कळवलंच नाही तर पूर्ण फी. आजारपण, अपघात, घरात कोणी गेलं, हे अर्थातच सोडून. यावर बऱ्याच जणांना वाटतं बाई पैशाची पक्की दिसते, मग हिला आपल्याबद्दल काय वाटणार. खरी काळजी तीच असते, की पैसे घेऊन ऐकणारं माणूस आपलं कसं असणार, बाकी हजार-दीड हजाराचा हिशोब हे नुसतं निमित्त.

यावर एका बाईंबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

चाळिशीच्या, बँकेत नोकरी, सासरी मोठी सून आणि माहेरी मोठी बहीण, म्हणजे दोन्हीकडून काही झालं की पहिला फोन यांनाच. डोकं दुखायचं, रात्री तीनला जाग यायची, सगळे रिपोर्ट नॉर्मल, शेवटी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. आल्या आल्या विचारलं, "किती सिटिंग लागतील?" मी नेहमी देते तेच उत्तर दिलं, की पहिल्या दोन-तीन भेटी समजून घेण्यातच जातात, आठ-दहा भेटी झाल्या की आपण दोघी बसून बघू फरक पडतोय का, आणि नसेल पडत तर मी स्वतः दुसरं कोणी सुचवेन. औषध देणार का, तर नाही, मी डॉक्टर नाही, गरज वाटली तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवते, गोळ्या आणि बोलणं दोन्ही बरोबर चालतं.

मग मी माझा दोन पानी कागद पुढे केला. त्यांनी थेट शेवटचं पान उघडून सही केली.

"अहो, वाचा तरी."

"वाचायचं काय मॅडम, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल."

तिथेच माझे कान टवकारले. जी बाई बँकेत दिवसभर लोकांना "इथे वाचून सही करा" सांगते तिने स्वतःबद्दलचा कागद बघितलाही नाही. मग मीच वाचून दाखवला. भेट पन्नास मिनिटांची, उशीर झाला तरी संपायची वेळ तीच, कारण बाहेर पुढचं कोणीतरी बसलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅप फक्त वेळ ठरवायला किंवा बदलायला, रात्री अकराला मन मोकळं करायला नाही. मी चोवीस तास उपलब्ध नसते, त्यामुळे जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर माझ्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाहीतर सरळ जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. भेटवस्तू नाही, फराळाचा डबा नाही, फेसबुकवर फ्रेंड रिक्वेस्ट नाही. आणि लक्ष्मी रोडवर समोरासमोर आलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तर मी हसेन, कारण बरोबर तुमची जाऊ असेल तर "या कोण?" हा प्रश्न तुम्हाला नको असेल. सगळ्याला त्या "हो, हो" म्हणाल्या.

गौरीच्या आधीच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांनी मेसेज, नणंद अचानक मुलांना घेऊन आली, सॉरी मॅडम, सॉरी, आणि हात जोडलेल्या चिन्हांची रांग. पाठोपाठ फी जीपे. पुढच्या भेटीला फी भरलेली होतीच, वर हातात नारळाच्या वड्यांचा डबा. तो मी घेतला नाही, टेबलावर आमच्या मध्येच राहिला.

"राग आला का माझा?" मी विचारलं.

"छे हो. माझीच चूक. नियम म्हणजे नियम."

"चूक तुमची होती, बरं. आणि राग?"

रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. बराच वेळ काही नाही. मी पण काही बोलले नाही, कारण अशा वेळी आपण तोंड उघडलं की समोरच्याची सुटका होते.

"आला," त्या म्हणाल्या. "म्हणजे थोडासा. मी काय मजा मारायला गेले नव्हते. आठ माणसांचा स्वयंपाक करत होते. आणि तुम्ही इथे नुसत्या बसून माझे पैसे, रिक्षावाला वेटिंग लावतो तसं..." एकदम तोंडावर हात. "सॉरी मॅडम."

"सॉरी कशाला, चांगलं चाललंय. पुढे बोला."

"तुम्ही चिडला नाहीत?"

"नाही."

"मग पैसे परत देणार?"

"नाही."

यावर त्या हसल्या, चांगल्या मोठ्यांदा, बाहेर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या. आणि मग जे म्हणाल्या ते मी त्या दिवशीच्या नोंदीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "म्हणजे मी चिडले तरी तुम्ही आहात तशाच. आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी इथेच बसलेय."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला मानणारी आहे, आणि माझं ठाम मत आहे की माणसाला त्रास परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल त्याने मनाशी धरलेल्या हट्टाने जास्त होतो. या बाईंचा हट्ट असा, की माझ्यावर कोणी म्हणजे कोणीही नाराज होता कामा नये, झालं तर मी वाईट. हे मी त्यांना फळ्यावर लिहून समजावलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन परत आठ माणसांचा स्वयंपाक केला असता. ते समोर घडावं लागतं. कोणीतरी त्यांना नाही म्हणायला हवं होतं, त्यावर त्यांना राग यायला हवा होता आणि तरी नातं शाबूत राहायला हवं होतं. समजा मी मोठेपणा दाखवून "असू दे हो, यावेळी नको" म्हटलं असतं, तर त्यांच्या डोक्यावर आणखी एक उपकार चढला असता आणि पुढच्या वेळी डबा दुप्पट मोठा आला असता. आमच्या क्षेत्रातल्या दोन मैत्रिणी मला नियमांची हेडमास्तरीण म्हणतात. म्हणू देत. माझा अनुभव असा की जिथे नियम पातळ असतात तिथे पेशंटच थेरपिस्टला सांभाळून घ्यायला लागतो, आणि जो आयुष्यभर सगळ्यांना सांभाळतच आलाय त्याला आणखी एक माणूस कशाला द्यायचं?

दिवाळीनंतर एकदा आल्या त्या खुर्चीत बसायच्या आधीच सांगायला लागल्या. नणंदेचा सकाळी फोन, आज येतोय. "मी म्हटलं, वन्सं, आदल्या दिवशी सांगत जा, आज नाही जमणार मला. तुमचाच नियम वापरला मॅडम. फक्त पैसे नाही मागितले." नणंद फुगली, सासूबाई दोन दिवस तुटक बोलल्या, यांचं डोकं त्या रात्री भयंकर दुखलं. जादू वगैरे काही झाली नाही. झोप सुधारायला पुढे बरेच महिने गेले आणि मधे एक महिना तर सगळं जैसे थे.

मधल्या काळात त्यांच्या मिस्टरांचा फोन येऊन गेला. आवाजात काळजी होती, संशय नव्हता. "मॅडम, ती तुमच्याशी काय बोलते ते मला नको, पण बरी होतेय ना एवढंच सांगा." मी म्हटलं, माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, हेही मी फोनवर सांगू शकत नाही. ते दुखावले असणार. त्यांचा फोन आला होता हे मी पुढच्या भेटीत बाईंना सांगितलं. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे, आणि सज्ञान माणसाची फी नवरा भरतो की बाप, याने त्यात फरक पडत नाही. पण "काहीही कुठेही जाणार नाही" असं सरसकट वचन मी देत नाही आणि जो देतो त्याच्यापासून जरा जपून. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने आदेश दिला, तर मला बोलावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने मला ते पोलिसांना कळवावंच लागतं, गप्प बसणं हा गुन्हा आहे. हे पहिल्या भेटीत ऐकायला जड जातं, नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

तेव्हा पहिल्याच फोनवर लाजू नका, विचारा. शिक्षण काय झालंय विचारा, कारण समुपदेशकाची पाटी हल्ली कोणीही लावतं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक असायलाच हवा. पावती देता का, फी कधी वाढते, तुम्ही सुट्टीवर गेलात तर मी काय करायचं, हे सगळं विचारण्यासारखंच आहे. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, आधी पॉलिसी बघा, मानसिक आजाराला कव्हर द्यायला कायद्याने सांगितलंय खरं, पण ते बहुतेक ठिकाणी अ‍ॅडमिट झाल्यावर, दर आठवड्याच्या सिटिंगचे पैसे सहसा मिळत नाहीत. ऑनलाइन घेणार असाल तर बंद दार लागेल, माझे कितीतरी क्लायंट सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात, चालतं, फक्त गाडी चालवत नको. आणि थांबायचं असेल तर मेसेज बघून न बघितल्यासारखं करून गायब होऊ नका, एक शेवटची भेट घ्या, "तुमच्याकडे काही फरक पडला नाही" हे तोंडावर सांगायला या.

फी झेपत नसेल तर तेही आधीच सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, इथे पुण्यात येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, गर्दी असते पण उपचार खरे असतात. माझ्यासारखे बरेच जण थोड्या जागा कमी फीच्या ठेवतात. माझ्याकडच्या सध्या भरलेल्या आहेत, नाव सांगून ठेवलंत तर रिकामी झाली की मी फोन करते. चोवीस तासांचा नियम त्या जागांनाही आहे.