माल अडकलाय म्हणतात? काय अडकलंय ते विचारा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेऊन नवीन ऑफिस थाटलं. एका पुरवठादाराला बारा वर्कस्टेशन, चौदा खुर्च्या आणि फायलींची कपाटं अशी ऑर्डर दिली. एकूण ४ लाख ८० हजार, वर जीएसटी. ७० टक्के ॲडव्हान्स त्यांनी सुरुवातीलाच घेतला. ‘चार ते सहा आठवडे’ म्हणाले होते, आता तिसरा महिना संपत आला. फोन केला की एकच उत्तर, ‘मॅडम, माल अडकलाय, या आठवड्यात पक्का.’ स्टाफ प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून काम करतोय. ऑर्डर रद्द करून पैसे परत मागू का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : रद्द करण्याची घाई करू नका. तुमचे ७० टक्के पैसे त्यांच्याकडे आहेत. आज जो माणूस निदान फोन उचलतोय, तो ‘रद्द’ हा शब्द ऐकला की उद्यापासून उचलणार नाही. आधी एवढंच विचारा, नेमकी कोणती वस्तू अडकली आहे? मी नोकरीची सगळी वर्षं कारखान्याच्या पर्चेस खात्यात काढली. फर्निचरची अख्खी ऑर्डर अडकलेली मी फार क्वचित पाहिली. अडकते एखादीच वस्तू, आणि तिच्यापायी बाकीचा माल वर्कशॉपमध्ये धूळ खात पडतो.

वर्कस्टेशन एका जागी तयार होत नाही. प्रीलॅमिनेटेड बोर्ड कापायचा, कडांना एज बँडिंग मारायचं की टेबलटॉप झाला. वसई-भिवंडीकडच्या वर्कशॉपात हे थोड्या दिवसांचं काम आहे. लोखंडी पाय आणि फ्रेम पावडर कोटिंगला बाहेर जातात आणि त्या रंगाची बॅच लागेपर्यंत तिथे थांबतात. स्क्रीनचं कापड, पेडेस्टलची (टेबलाखालच्या ड्रॉवरच्या कपाटाची) कुलपं आणि ड्रॉवर सरकवणारे चॅनल आणखी कुणाकडून येतात. खुर्च्यांचं गणित तर निराळंच. गॅस लिफ्ट (खुर्ची वर-खाली करणारा दांडा), टिल्ट मेकॅनिझम (पाठ मागे झुकवणारी यंत्रणा), खालची चाकं यांतलं पुष्कळसं चीनहून येतं. तिथल्या नववर्षाला, म्हणजे जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, कारखाने बंद होतात, कामगार गावी जातात आणि गाडी रुळावर यायला पुढे बरेच दिवस लागतात. मग न्हावा शेवा बंदर, कस्टम, भिवंडीचं गोदाम असा प्रवास. बाकी सगळं तयार आणि फक्त गॅस लिफ्ट नाहीत म्हणून चौदा खुर्च्या उघड्या पडलेल्या, हे अगदी नेहमीचं दृश्य आहे.

पुरवठादाराला एकच टेम्पो आणि फिटरची एकच फेरी परवडते, म्हणून तो सगळा माल एकत्र पाठवायला बघतो. त्याला सांगा, ‘जे तयार आहे ते पाठवा, दुसऱ्या टेम्पोचं भाडं लागलं तर मी देते.’ टेबलं आली की इलेक्ट्रिशियनचं आणि नेटवर्कवाल्याचं काम मार्गी लागेल, आणि त्यांच्याकडे अडकलेली तुमची रक्कमही तेवढ्याने कमी होईल. फक्त प्रत्येक खेपेचं बिल वेगळं घ्या. एकाच बिलावरचा माल तुकड्यातुकड्यांनी आला, तर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) शेवटची खेप आल्यावरच मिळतं. तुम्हाला हे मी सांगायला नको, इतर वाचकांसाठी लिहितेय.

दुसरं, वर्कशॉपला स्वतः जा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो कुणाच्याही टेबलाचा असू शकतो. लोकल पकडा, एक सकाळ घालवा आणि तुमच्या नावाची चिठ्ठी लावलेले गठ्ठे दाखवा म्हणा. ‘या ना मॅडम, बघून जा’ म्हणणाऱ्याकडे तुमचा माल बहुधा असतो. पत्ता द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याने तुमचे पैसे दुसऱ्याची ऑर्डर पुरी करायला वापरले असण्याची शक्यता धरा आणि पुढची पावलं लवकर उचला.

पुढचं पाऊल म्हणजे पत्र. ईमेल चालेल, पण भाषा शांत ठेवा. ऑर्डरची तारीख, दिलेली रक्कम, कबूल केलेली मुदत, आतापर्यंत फोनवर दिलेल्या तारखा आणि शेवटी तुम्ही देत असलेली नवी अंतिम तारीख. त्या तारखेपर्यंत माल आला नाही तर ऑर्डर रद्द समजून पूर्ण रक्कम परत हवी, असं स्पष्ट लिहा. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५५ प्रमाणे, ठरलेली वेळ हाच कराराचा गाभा असेल तर वेळ पाळली न गेल्यास करार रद्द करता येतो. वेळ तितकी महत्त्वाची ठरली नाही, तरी उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. तुमच्या ऑर्डरीत ‘चार ते सहा आठवडे’ असं मोघम आहे, म्हणून आता एक पक्की तारीख कागदावर यायला हवी. अजिबात मुदत लिहिलेली नसेल तेव्हाही वस्तू विक्री कायदा, १९३० विक्रेत्याला वाजवी वेळेत माल पाठवायला बांधून घालतो.

याच कलम ५५ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. उशिरा आलेला माल तुम्ही गुपचूप उतरवून घेतला, तर त्या उशिराची भरपाई मागण्याचा हक्क गमावून बसाल. म्हणून टेम्पो दारात आला की डिलिव्हरी चलनावर हाताने लिहा, ‘विलंबाच्या भरपाईचा हक्क राखून माल स्वीकारला.’ त्याखाली ‘पेट्या मोजल्या, आतला माल तपासलेला नाही’ असंही लिहा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू दे.

आणि त्या प्लास्टिकच्या खुर्च्या आजच्या आज बदला. टॅक्स ऑडिटच्या दिवसांत मुलं-मुली रात्रीपर्यंत बसतात, त्यांच्या कमरेची किंमत कुठल्याही बिलात धरलेली नसते. मुंबईत ऑफिसच्या खुर्च्या महिन्याच्या भाड्याने सहज मिळतात. भाड्याची पावती जपून ठेवा, नुकसानभरपाईच्या मागणीत हाच तुमचा सगळ्यात ठोस आकडा असेल.

‘गाडी निघाली’ असा फोन आला की गाडीचा नंबर आणि ई-वे बिलाचा (माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायच्या जीएसटीच्या कागदाचा) नंबर मागा. राज्यातल्या राज्यात १ लाखापेक्षा जास्त किमतीचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागतं, आणि ते निघालं असेल तर गाडी खरोखर भरली आहे असं धरायला हरकत नाही. तुमच्याकडची तयारीही त्याआधीच करून ठेवा. इस्टेटच्या ऑफिसची परवानगी, गुड्स लिफ्टची वेळ, लिफ्टची आतली मापं. बोर्ड आठ बाय चारचा येतो, त्यातून कापलेला लांब कॉन्फरन्स टॉप लिफ्टमध्ये मावला नाही तर जिन्याने चढवण्याची हमाली कुणी द्यायची यावर दारातच भांडण जुंपतं. मुंबईत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मज्जाव असतो, तेव्हा मोठा ट्रक असेल तर दुपारची वेळ ठरवा.

पुढच्या वेळेसाठी एक सांगते. ७० टक्के ॲडव्हान्स कधीच देऊ नका. ऑर्डरबरोबर ३०, वर्कशॉपमध्ये तयार माल डोळ्यांनी पाहिल्यावर ४०, माल उतरल्यावर २० आणि फिटिंग होऊन कुलपं, ड्रॉवर, चाकं नीट चालली की उरलेले १०. उशीर झाल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के कापले जातील, ही ओळ पर्चेस ऑर्डरमध्ये घाला. चांगला पुरवठादार तिला घाबरत नाही. पण आपली बाजूही सांभाळा. त्यांचे आठवडे मोजायला सुरुवात होते ती ड्रॉइंगवर सही, सनमायकाचा कोड आणि ॲडव्हान्स या तिन्ही गोष्टी पोचल्यावर. सनमायकाची शेड निवडायला आपणच पंधरा दिवस लावले तर तो उशीर आपला. आणि शेड मुंबईच्या वितरकाकडे शिल्लक आहे ना, एवढं विचारूनच सही करा. फिटिंगची तारीख दिवाळी ते छठपूजा किंवा होळीच्या आसपास येऊ देऊ नका. सुतार आणि फिटर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानचे. वर्षातून एकदा घरी जाणाऱ्या माणसाला आपल्या टेबलासाठी थांबवणं बरोबरही नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीत घरून भाषांतराचं काम करतो. ऑनलाइन खुर्ची मागवली, ती सांगितलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी आली आणि बसल्यावर हळूहळू खाली जाते. कंपनी म्हणते, बदली खुर्ची स्टॉकमध्ये नाही, थांबा. एक मित्र म्हणाला, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक आयोगात तक्रार चालत नाही. खरं आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या बाबतीत खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू वगळतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाही. तुम्ही ग्राहकच आहात. (वरच्या चार्टर्ड अकाउंटंट ताईंना स्टाफसाठी घेतलेल्या मालाबाबत हा रस्ता इतका सरळ नाही, म्हणून त्यांना करार कायद्याचा आधार सांगितला.)

खुर्ची खाली जाते म्हणजे गॅस लिफ्ट गेली. व्हिडिओ काढा, त्यात खुर्चीखालचं लेबल दिसू द्या. मग साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. त्याच नियमांत असंही आहे की सदोष वस्तू किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचवलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे दोन्ही कारणं आहेत, तेव्हा बदलीची वाट बघत बसू नका, सरळ पैसे परत मागा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन. तिथेही अडलं तर ठाणे जिल्हा आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे.

नवीन खुर्ची घेताना कामाच्या खुर्च्यांचं भारतीय मानक, आयएस १७६३१, लेबलवर आहे का ते बघा.

प्रश्न : ताई, तुम्ही नेहमी गिऱ्हाइकाची बाजू घेता. माझं वसईला छोटं वर्कशॉप आहे, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. एका कंपनीला टेबलं वेळेत दिली, फिटिंग करून दिलं. चार महिने झाले, बॅलन्स पेमेंट नाही. कारागिरांचा पगार मी कुठून द्यायचा?
— एक वाचक, वसई

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, आणि वरच्या पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्या पत्रात आहे. एका गिऱ्हाइकाने पैसे दाबले की दुसऱ्याचा बोर्ड आणायला पैसे उरत नाहीत, मग त्याचा माल ‘अडकतो’.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकासाठीच आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. कंपनीच्या पर्चेसवाल्याला लिहू नका, अकाउंट्सच्या प्रमुखाला लिहा. उद्यम क्रमांक, चलनाची सही केलेली प्रत आणि व्याजाचा हिशोब जोडा. मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात वजा करता येत नाही, याची आठवण द्या. मार्च जवळ आला की ही ओळ फार लवकर वाचली जाते. तरीही हलले नाहीत तर याच कायद्याखाली थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. उद्यम क्रमांक यापुढे प्रत्येक बिलावर छापा. आणि फिटिंगच्या दिवशीच ‘काम पूर्ण’ अशी सही घेत जा, कारण पैसे रोखायचे झाले की कुलूप नीट लागत नसल्याचं चार महिन्यांनी आठवतं.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या जुन्या वाचनालयाला एका बंद झालेल्या ऑफिसची लोखंडी कपाटं स्वस्तात मिळताहेत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि अरुंद. घ्यावीत का?
— वाचनालयाचे कार्यकर्ते, गिरगाव

उत्तर : कपाटं नका घेऊ. नेहमीचं मोठं कपाट साडेसहा फूट उंच असतं, ते तुमच्या जिन्याच्या वळणावर फिरणार नाही. गॅलरीतून दोराने चढवायचं म्हटलं तर कठडा जाईल, शिवाय माणसं जखमी होतील. त्याऐवजी नटबोल्टची लोखंडी मांडणी घ्या. तिचे अँगल आणि फळ्या सुट्या वर नेता येतात आणि वरच जोडता येतात. तीही जुन्या ऑफिसांतून किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात वापरलेली मिळू शकेल.

त्याआधी वजनाचा विचार करा. एक फूट फळीवर पुस्तकं साधारण दहा किलो भरतात, म्हणजे सहा फळ्यांची तीन फुटी मांडणी दोनशे किलोंच्या आसपास जाते. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत बंधनकारक आहे. तो अहवाल मालकाकडे मागा, आणि ज्या अभियंत्याने तो केला त्यालाच विचारा की मांडण्या कोणत्या भिंतीलगत, कोणत्या तुळईवर ठेवायच्या. तो खडूने जमिनीवर खुणा करून देईल. मांडण्यांची मापं त्या खुणांवरून घ्या, मगच पैसे द्या.