एकवीस दिवस मोजले कुणी?

प्रोजेक्टचा हंगाम आला की या सदराचं टपाल एकदम वाढतं. यंदा बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: इंटरनेटवरचं मानसशास्त्र किती खरं मानायचं? त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली, कारण त्यात माझीही एक जुनी चूक अडकली आहे.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. 'सवयी कशा लागतात' यावर प्रोजेक्ट केला. कोणतीही सवय लागायला २१ दिवस लागतात, असं मला नऊ वेबसाइटवर मिळालं, मराठीत आणि इंग्रजीतही. म्हणून तसं लिहिलं. सरांनी त्या ओळीशेजारी लाल पेनाने 'कशावरून?' एवढंच लिहून फाइल परत दिली. नऊ ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार ना? नसेल तर विश्वास ठेवण्यासारखी एखादी साइट तरी सांगा. – एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. इतका नेमका शेरा हल्ली कुणी देत नाही.

आता ते नऊ. तू सोलापूरची आहेस, म्हणून तुला पाण्याचं उदाहरण देते. सकाळी नव्या पेठेत कुणीतरी म्हणतं, उद्याचं पाणी परवावर गेलं. दुपारपर्यंत तेच तुला नऊ दुकानांत ऐकू येतं. म्हणून नऊ जणांनी पाण्याच्या टाकीवर जाऊन चौकशी केली असं होत नाही. एकाने ऐकलं, आठांनी पुढे सांगितलं. तुझ्या नऊ वेबसाइट उघडून बघ. उदाहरणं तीच, वाक्यांचा क्रम तोच, काही ठिकाणी तर शुद्धलेखनाची चूकही तीच सापडेल. ते नऊ साक्षीदार नाहीत, एका साक्षीदाराच्या नऊ झेरॉक्स आहेत.

यात मी शहाणी आहे असं समजू नकोस. मी वर्गात कितीतरी वर्षं हेच २१ दिवस शिकवले. फळ्यावर एकवीस चौकोन काढायचे, रोज एक खोडायचा, असा माझा आवडता खेळ होता. एका वर्षी मुलांना उत्साह यावा म्हणून मीही सिद्धेश्वर तलावाभोवती पहाटे चालायला लागले. एकविसावा चौकोन खोडला आणि बाविसाव्या दिवशी गजर बंद करून झोपले. त्या आठवड्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीबाहेर बघत असे, उठून म्हणाला, "मॅडम, हे एकवीस दिवस मोजले कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या सांगते म्हणाले, आणि तो उद्या यायला बरेच महिने लागले.

शोधल्यावर जे हाती आलं ते असं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी आपल्या रुग्णांकडे बघून १९६० सालच्या एका लोकप्रिय पुस्तकात लिहिलं. हा प्रयोग नव्हता, एका डॉक्टरचा अनुभव होता. त्यात सवय नव्हती, चेहरा होता. आणि 'किमान' हा शब्द होता. पुढच्या लोकांनी चेहरा काढला, सवय घातली आणि 'किमान' वाटेत कुठेतरी सांडला.

सवयीवर खरोखर मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हा शोधनिबंध युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीमध्ये २०१० साली छापून आला. त्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडायला लावली. ती रोज ठरलेल्या वेळी करायची, म्हणजे नाश्त्यानंतर वगैरे, आणि असं १२ आठवडे. गोष्ट किती आपोआप होते याची प्रश्नावली ते भरत गेले. सवय पक्की व्हायला लागणारा काळ निघाला १८ ते २५४ दिवस, आणि मधला आकडा ६६.

आता इथे जरा थांब, कारण खरी गंमत यापुढे आहे. '२१ दिवस हे खोटं, खरे ६६ दिवस' असं ठासून सांगणाऱ्या साइटही आता भरपूर झाल्या आहेत. त्यातली एखादी तुला सापडली तर सरांचा शेरा टळेल असं तुला वाटेल. पण मूळ निबंधाचा सारांशच वाच, तो फुकट मिळतो. ९६ पैकी विश्लेषणाला पुरेशी माहिती ८२ जणांची आली. त्यांनी वापरलेलं गणिती सूत्र लागू पडलं ६२ जणांना, आणि चांगलं बसलं फक्त ३९ जणांना. तो ६६ आकडा या ३९ जणांचा आहे. आणि २५४ दिवस कुणी मोजलेच नाहीत. अभ्यास चालला १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. त्यापुढचा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. यात लबाडी नाही, लेखकांनी सगळं उघड लिहिलं आहे. सांगणाऱ्यांनी ते वाचलं नाही, एवढंच.

म्हणून विश्वासाची साइट मी सांगणार नाही. विश्वास साइटवर ठेवायचा नसतो, एकेका विधानावर ठेवायचा असतो. नामांकित विद्यापीठाच्या पानावर जनसंपर्क विभागाने फुगवलेली बातमी असू शकते, आणि एखादा हौशी माणूस आपल्या ब्लॉगवर मूळ निबंधाची लिंक देऊन प्रामाणिकपणे लिहीत असतो. 'संशोधन सांगतं' हे दोन शब्द दिसले की मी चष्मा पुसते. संशोधन काही सांगत नाही. कोणीतरी, कुठल्यातरी साली, कुठल्यातरी लोकांवर केलेलं असतं ते. नाव, साल आणि लोक, यातलं काहीच मिळत नसेल तर ते वाक्य प्रोजेक्टमध्ये घेऊ नकोस. मिळालं तर ते नाव गुगल स्कॉलरमध्ये टाक. निबंध उघडायला पैसे मागत असतील तर त्याच नोंदीखाली 'ऑल व्हर्जन्स' असतं, तिथे पुष्कळदा लेखकाने स्वतः ठेवलेली पीडीएफ मिळते. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाकडे एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नलं आणि पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, लॉगिन असेल, तेही माग. ग्रंथपाल ते स्वतःहून देत नाहीत, पण मागितलं तर खूश होतात, मी पाहिलंय. 'साइटेड बाय' वर टिचकी मारलीस की त्या निबंधाला पुढे कुणी दुजोरा दिला आणि कुणी आव्हान दिलं, तेही दिसतं.

फाइलमध्ये असं लिही: लंडनमधल्या ९६ जणांच्या एका अभ्यासात सवय लागण्याचा काळ माणसागणिक फार वेगळा निघाला, मध्यांक ६६ दिवस, पण तो ३९ जणांच्याच माहितीवर आधारलेला. मग तुझं स्वतःचं एक वाक्य जोड. यंत्रमागावर एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी करणाऱ्या माणसाला 'रोज नाश्त्यानंतर' ही वेळच नसते, त्याला हा आकडा लागू होईल का? त्या वाक्याला मी असते तर दोन मार्क जास्त दिले असते.

त्याच निबंधात असंही आहे की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम होत नाही. हे मला बाविसाव्या दिवशी माहीत असतं तर आज माझे गुडघे जरा बरे असते.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग शिकवत असताना मुलं मोबाइल पुढे करतात. व्हिडिओत म्हणतात की तो प्रयोग 'खोटा' होता. आमच्या पुस्तकात तर तो सन्मानाने आहे. पुस्तकावर विश्वास ठेवायचा की यूट्यूबवर? – एक शिक्षक, बार्शी

उत्तर : दोघांवरही नाही. प्रयोग झाला होता, १९७१ साली. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी २४ तरुण निवडले, काहींना लुटुपुटीच्या तुरुंगात कैदी केलं, काहींना पहारेकरी, आणि दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला, इथपर्यंत पुस्तक बरोबर. पण पहारेकरी आपोआप क्रूर झाले, हा निष्कर्ष आता डळमळीत आहे. थिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकाने मूळ कागदपत्रं आणि ध्वनिमुद्रणं तपासून २०१९ साली अमेरिकन सायकॉलॉजिस्ट या जर्नलमध्ये निबंध लिहिला. पहारेकऱ्यांनी कसं वागावं याच्या सूचना वरून मिळत होत्या, असं त्यात दाखवलं आहे. एका ध्वनिमुद्रणात तर वॉर्डन झालेला विद्यार्थी एका मवाळ पहारेकऱ्याला कडक होण्याबद्दल समजावतो आहे. झिम्बार्डो यांनी अर्थातच हे आक्षेप मान्य केले नाहीत.

तेव्हा 'खोटा' हा शब्द व्हिडिओवाल्याचा, आणि तो जास्तच सैल आहे. मुलांना एवढंच विचारा की त्या व्हिडिओत ल तेक्सिए यांचं नाव घेतलंय का. घेतलं असेल तर व्हिडिओवाला वाचून बोलतोय. पुस्तकाला मात्र दोष देताना जरा हात राखून द्या. २०१५ साली सायन्स या जर्नलमध्ये मोठा प्रकल्प आला, मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत लक्षणीय निष्कर्ष होते, पुन्हा केल्यावर ते ३६ टक्क्यांतच मिळाले. हे ज्या पुस्तकांत शिरलं नाही ती पुस्तकं त्याआधीची असतील, किंवा नुसतं मुखपृष्ठ बदलून पुन्हा छापलेली. हा प्रकरणातला सगळ्यात चांगला तास ठरेल. वगळू नका.

प्रश्न : माझं चादरीचं छोटं दुकान आहे. मुलगी एम.ए. मानसशास्त्र करते. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की १,८०० रुपये भरा, तीन दिवसांत तुमचा पेपर 'यूजीसी मान्य आंतरराष्ट्रीय जर्नल'मध्ये छापून सर्टिफिकेट देतो. पैशाचं काही नाही, पण आमच्या धंद्यात बाहेरच्या मालाला सोलापुरी लेबल शिवून विकतात, तसला प्रकार तर नाही ना? – एक पालक, सोलापूर

उत्तर : अहो, अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. लेबल आधी आणि माल नंतर, असाच हा प्रकार आहे. चांगल्या जर्नलमध्ये निबंध त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला जातो. ते चुका काढतात, लेखक दुरुस्त करतो, पुन्हा जातो. यात महिने जातात. तीन दिवसांत फक्त पैसे तपासून होतात.

जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने २०१३ साली मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट औषध-निबंध ३०४ जर्नलांकडे पाठवला होता. १५७ जणांनी तो स्वीकारला. फी घेणारं प्रत्येक जर्नल लबाड असतं असं नाही, काही चांगली मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, जर्नलंही छपाईचा खर्च घेतात. पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईक शोधत फिरत नाहीत. आणि 'यूजीसी मान्य' म्हणाल तर यूजीसीने आपली केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंदच केली आहे. मुलीला म्हणावं, संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाक आणि विचार, तुम्ही यात खरंच आहात का? आपलं नाव तिथे आहे हे त्यांना माहीतच नसतं, असंही घडतं. ते १,८०० रुपये गल्ल्यातच राहू द्या.

प्रश्न : मॅम, चॅटजीपीटीकडून प्रोजेक्टसाठी १२ संदर्भ घेतले आहेत. यादी जोडली आहे. चालतील का? – टी.वाय.बी.ए., सोलापूर

उत्तर : यादीतले पहिले तीन काल संध्याकाळी, लाइट यायची वाट बघून, तपासले. जर्नलमधल्या बहुतेक लेखांना डीओआय असतो, १० ने सुरू होणारा. तो लेखाचा आधार क्रमांक समज. डीओआय डॉट ओआरजीवर टाकला की लेख उघडतो. तुझ्या पहिल्या संदर्भाचा टाकला तर भलत्याच विषयाचा लेख उघडला. दुसऱ्यातलं जर्नल खरं, लेखकही खरा, पण त्या अंकात त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा निबंध आहे. तू दिलेल्या नावाचा निबंध त्या लेखकाने लिहिल्याचं कुठेच मिळालं नाही. तिसरा मात्र अस्सल निघाला. तो पूर्ण वाचला. तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू जे म्हटलंयस, त्याच्या नेमकं उलट त्यात लिहिलं आहे.

उरलेले नऊ मी उघडले नाहीत. ते तुझे.