कापसाच्या चुकाऱ्यातून भरलेलं व्याज

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. वर्षाचा पगार १४ लाख ४० हजार. घर वडिलोपार्जित, गृहकर्ज नाही. जीपीएफ आणि एलआयसी मिळून दीड लाख होऊन जातात. मुलगी अमरावतीला इंजिनीअरिंगला आहे. तिच्या नावावर सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, मी सहकर्जदार. गेल्या वर्षी ५४ हजार व्याज भरलं. त्यातले ३० हजार आईच्या कापसाचा चुकारा (विकलेल्या कापसाचे पैसे) आला तेव्हा परस्पर कर्जखात्यात टाकले (वावराचा सातबारा आईच्याच नावावर आहे), बाकी माझ्या पगारातून. माझा साळा न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी कॉलेजात गेली तर त्याला सरकारनं २,५०० डॉलर सोडले म्हणतो. आपल्याकडे असं काही आहे का? आणि पंचायत समितीत तर सगळ्यांचा कर 'नवीन' करपद्धतीतच भरून टाकतात. माझं नुकसान होत आहे का?
— एक शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, नुकसान होत नाही. फायदाच होतो आहे, आणि तोही बराच.

आधी तुमच्या साळ्याचं पाहू, कारण अमेरिकेहून फोन आला की आमच्या दारव्ह्यातही लोक असाच हिशेब विचारत येतात. तो खरं सांगतो. तिथे पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत सूट मिळते, आणि ती थेट करातून वजा होते. कर शून्य झाला तरी त्यातले १,००० डॉलरपर्यंत रोख परत मिळू शकतात. उत्पन्न फार असेल तर मात्र ती सूट आटत जाते. आपल्या कायद्यात करातून वजा होणारं असं काही नाही. आपल्याकडे वजावट उत्पन्नातून होते. ५४ हजारांची वजावट म्हणजे खिशात ५४ हजार नव्हेत. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साधारण ११ हजार वाचतात, ३० टक्क्यांत १७ हजारांच्या आत.

आणि तेही जुन्या करपद्धतीतच. नव्या पद्धतीत ८०सी (जीपीएफ, एलआयसी, फी यांची वजावट) नाही, ८०ई (शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट) नाही.

आता तुमचे आकडे मांडतो, आर्थिक वर्ष २०२५-२६ चे. नव्या पद्धतीत १४,४०,००० मधून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले १३,६५,०००. त्यावर कर ८४,७५०, उपकर धरून ८८,१४०. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सीचे दीड लाख आणि व्याजाचे सगळेच्या सगळे ५४ हजार काढले, तरी ११,८३,५०० उरतात आणि कर होतो १,७४,२५२. म्हणजे व्याजाची सूट घ्यायच्या हौसेपायी ८६ हजार जास्त भरायचे! तुमच्या पगारावर जुनी पद्धत बरोबरीत यायला सगळं धरून ५,७८,७५० रुपयांच्या वजावटी लागतात. तुमच्या होतात २,५६,५००. पंचायत समितीतल्या बाबूनं न विचारता केलं असेल, पण बरोबर केलं.

तुमच्या पत्रातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तो कापसाचा चुकारा. याबद्दल कोणी विचारत नाही, आणि आपल्या भागात तर घरोघरी हेच चालतं. डिसेंबर-जानेवारीत सीसीआयचे (सरकारी कापूस खरेदी महामंडळाचे) नाहीतर व्यापाऱ्याचे पैसे आले की घरातलं जे देणं तोंडावर असेल ते भरून मोकळं व्हायचं. ८०ई चं कलम म्हणतं की व्याज करपात्र उत्पन्नातून भरलेलं पाहिजे. शेतीचं उत्पन्न करपात्र नाही, आणि तुमच्या बाबतीत तर ते आईचं आहे. म्हणून ५४ हजारांतले तुमच्या नावे धरता येतील असे २४ हजारच. तुम्हाला आज याचा उपयोग नाही. पण तुमच्या शाळेत असा कोणी असेल ज्यानं पोराच्या खासगी एमबीबीएससाठी तीसेक लाख उचललेत आणि ज्याच्या घरकर्जाचं व्याजही चालू आहे, तर त्याला सांगा. तिथे व्याजच वर्षाला तीन लाखांच्या घरात जातं. ८०ई ला वरची मर्यादा नाही, त्यामुळे जुनी पद्धत त्याला परवडू शकते. त्यानं हप्ता पगाराच्या खात्यातूनच जाऊ द्यावा आणि कापसाच्या पैशातून किराणा, खत, लग्नकार्य काय ते करावं. घरात पैसा तेवढाच राहतो, पासबुकातली नोंद मात्र बदलते.

त्यानं अजून दोन गोष्टी पाहाव्यात. वजावट फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही, आणि तीही ज्या वर्षी व्याज प्रत्यक्ष भरलं त्या वर्षी. शिक्षण चालू असताना बँक जे व्याज कर्जात मिळवत जाते, ते भरलेलं धरत नाहीत. शिवाय पहिल्यांदा व्याज भरलं त्या वर्षापासून एकूण आठच वर्षं ही सूट आहे. बँकेकडून मुद्दल-व्याज वेगळं दाखवणारा दाखला घ्यावा. विवरणपत्रात आता बँकेचं नाव, कर्जखाते क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक रक्कम, सगळं विचारतात.

फीच्या पावतीचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ८०सीत फक्त शिक्षण शुल्क बसतं. वसतिगृह, मेस, विकास निधी नाही, आणि नीटच्या क्लासची फी तर मुळीच नाही. तुमचे दीड लाख आधीच भरलेले असल्यानं तुम्ही पावत्या शोधत बसू नका.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे आणि कलमांचे आकडे बदललेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागतो, म्हणून इथे जुनेच आकडे दिलेत.

प्रश्न : माझं आर्णीला किराणा दुकान आहे, नफा साडेपाच लाखांच्या आसपास. मुलाच्या बी.फार्मच्या पहिल्या वर्षासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. त्याच्या व्याजाची सूट मिळेल का?
— एक दुकानदार

उत्तर : नाही. कर्ज बँकेचं, सरकारनं अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं लागतं, पतसंस्था त्यात येत नाही. पण तुम्हाला ही सूट हवी कशाला, भाऊ? नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे. त्या सुटीसाठी कोणी जुन्या पद्धतीचा फॉर्म १०-आयईए भरून देतो म्हणाला तर भरू देऊ नका. पगारदाराला दरवर्षी पद्धत बदलता येते, दुकानदाराला नाही. एकदा जुनीत जाऊन नवीत परत आलात की दुकान चालू आहे तोवर पुन्हा जुनीत जाता येत नाही.

तुमचा खरा खर्च पतसंस्थेच्या व्याजदरात आहे. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून सरकारी बँकेकडे शैक्षणिक कर्जाचा अर्ज टाका. ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, तुमची सहकर्जदार म्हणून सही लागेल. गेल्या वर्षीची गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र आणि कॉलेजनं दिलेला फीचा तक्ता सोबत ठेवा. मॅनेजरनं तोंडी नाही म्हटलं तर कारण लेखी मागा.