सांगलीत खंडणीसाठी अपहरण झाल्याची एक बातमी आली की सगळे शहरच असुरक्षित का वाटू लागते?

खंडणीसाठीच्या अपहरणाने लोकांची सुरक्षिततेची भावना त्या गुन्ह्याच्या प्रत्यक्ष प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक ढासळते, कारण चोरीत वस्तू जाते, इथे मात्र माणूसच ओलीस असतो आणि त्याची सुटका होईपर्यंत गावातला प्रत्येक पालक स्वतःच्या मुलाचा विचार करत राहतो. सांगलीत फौजदारी वकिली करताना मी हे पाहत आलो आहे: अशी बातमी पसरली की विश्रामबाग परिसरातील शाळांच्या फाटकाशी, एरवी रिक्षाकाकांबरोबर घरी जाणारी मुले न्यायला आई-वडील स्वतः उभे राहतात. भीतीत भर पडते ती आकड्यांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनंतर बेपत्ता बालकाची तक्रार सर्वसाधारणपणे अपहरण म्हणून नोंदवली जाते, त्यामुळे ‘अपहरण’ या शीर्षकाखालील संख्या फुगलेली दिसते. खंडणीची प्रकरणे तिच्यात फारच थोडी असतात. या भीतीची सर्वांत मोठी किंमत निरपराध अनोळखी माणूस मोजतो. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या साधूंना मुले पळवणारे समजून जमावाने बेदम मारहाण केली, हे आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. अर्थात, ज्या घरी प्रत्यक्ष धमकीचा फोन आला आहे, त्यांची भीती अवाजवी मानता येणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४०(२) नुसार खंडणीसाठीच्या अपहरणाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे, तेव्हा परस्पर तडजोड न करता त्यांनी ताबडतोब ११२ वर कळवावे.